जुना लोखंडी कूलर पुन्हा सुरू करायचाय? काय तपासायचं, काय बदलायचं आणि कुठे थांबायचं

होळी झाली की नागपुरात घराघरांत एक काम ठरलेलं असतं. माळ्यावर, गच्चीवर किंवा जिन्याखाली प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवलेला कूलर बाहेर काढायचा, धूळ झटकायची, ताट्या बदलायच्या आणि खिडकीला लावायचा. ज्यांच्याकडे कूलर नाही, ते याच सुमारास जुना कूलर शोधू लागतात. शिकायला आलेले विद्यार्थी, भाड्याने राहणारी कुटुंबं, नव्याने संसार थाटलेली जोडपी यांच्यासाठी सेकंडहँड लोखंडी कूलर हा उन्हाळ्यातला सगळ्यात परवडणारा पर्याय असतो.

पण सात-आठ महिने बंद राहिलेलं किंवा दुसऱ्याने वापरून विकलेलं हे यंत्र नुसतं प्लग लावून सुरू करणं धोक्याचं आहे. पत्र्याची बॉडी, तळाला भरलेलं पाणी आणि जुनी वायर हे तिन्ही एकाच डब्यात असतात. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं दगावल्याच्या बातम्या येतात, त्यात लहान मुलंही असतात. म्हणून जुना कूलर दुरुस्त करताना दोन गोष्टी पाहायच्या असतात. तो थंड हवा देतो का, आणि तो सुरक्षित आहे का. दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा महत्त्वाचा आहे.

कूलर नागपुरातच एवढा का चालतो?

नागपुरात मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांच्या घरात असणं नेहमीचंच. २३ मे २०१३ रोजी शहरात ४७.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं होतं. मे २०२४ च्या अखेरीस 'नागपुरात ५६ अंश' अशी बातमी सोशल मीडियावर फिरली होती, पण तो आकडा एका स्वयंचलित केंद्राच्या बिघडलेल्या सेन्सरमुळे आला होता, हे हवामान विभागाने नंतर स्पष्ट केलं.

हा उन्हाळा कडक असला तरी कोरडा असतो. दुपारी हवेतली आर्द्रता १५-२० टक्क्यांपर्यंत खाली येते, आणि कूलर चालतो तो नेमका याच कोरडेपणावर.

पाण्याची वाफ होताना उष्णता शोषली जाते. माठातलं पाणी गार होतं किंवा घामावर वारा लागला की बरं वाटतं, ते याच कारणाने. एक लिटर पाण्याची वाफ होताना साधारण २,४०० किलोज्युल उष्णता हवेतून निघून जाते. विजेच्या भाषेत सांगायचं तर सुमारे दोन तृतीयांश युनिट. कूलरमधला पंप ताट्यांवर पाणी सोडतो, पंखा बाहेरची गरम हवा त्या ओल्या ताट्यांमधून आत ओढतो, थोडं पाणी वाफ होऊन जातं आणि हवा थंड होते.

हवा किती थंड होईल यालाही मर्यादा आहे. ओल्या फडक्यात गुंडाळलेला थर्मामीटर जे तापमान दाखवतो, त्याच्या खाली कूलर हवा नेऊ शकत नाही. बाहेर ४३ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल, तर ही मर्यादा साधारण २३ अंशांवर येते. म्हणजे वाव २० अंशांचा. चांगल्या ताट्यांचा कूलर त्यातला ८० टक्के वाव वापरतो आणि २७ अंशांची हवा देतो. बसलेल्या, फाटलेल्या ताट्यांचा कूलर जेमतेम निम्मा वापरतो, तेव्हा तीच हवा ३३ अंशांवर येते.

जुलैमध्ये हेच गणित पार बदलतं. बाहेर ३४ अंश आणि आर्द्रता ७० टक्के असेल तर वाव उरतो फक्त पाच अंशांचा. त्यात खोलीत दमटपणा वाढतो. मुंबई आणि कोकणात कूलर फारसा का चालत नाही, आणि पाऊस सुरू झाला की नागपुरातही तो का नकोसा होतो, याचं उत्तर या आकड्यांत आहे.

वाळ्याच्या ताट्यांपासून लोखंडी कूलरपर्यंत

ओल्या वाळ्यातून वारा घ्यायची पद्धत भारतात जुनी आहे. अकबराच्या काळातल्या 'आईन-इ-अकबरी'त वाळ्याच्या मुळांपासून केलेल्या गारव्याच्या खोल्यांचा उल्लेख आहे. दारा-खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लावायच्या आणि त्यांवर पाणी शिंपडत राहायचं, हा त्याचाच घरगुती प्रकार. इंग्रजांच्या काळात हाताने फिरवायचा मोठा पंखा ओल्या ताट्यांमागे बसवलेलं 'थर्मांटिडोट' नावाचं यंत्र आलं. पुढे हाताच्या जागी विजेची मोटर आली, पाणी शिंपडणाऱ्याच्या जागी पंप आला आणि आजचा डेझर्ट कूलर तयार झाला. भारतात या कूलरसाठी आयएस ३३१५ हे स्वतंत्र मानकही आहे.

गेल्या काही दशकांत प्लास्टिक बॉडीचे कूलर सगळीकडे दिसू लागले. तरी लोखंडी कूलर टिकून आहे. त्याचं कारण सोपं आहे. त्यात न उघडता येण्यासारखं काहीच नाही. चार नट खोलले की मोटर हातात येते, पंप कोणत्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो, पत्रा सडला तर वेल्डिंगवाला नवा लावून देतो.

जुना कूलर घेताना काय पाहायचं?

खरेदीची योग्य वेळ म्हणजे जानेवारी-फेब्रुवारी. एप्रिलमध्ये मागणी वाढते, विकणाऱ्याला घाई नसते आणि मेकॅनिकलाही वेळ नसतो.

पाहताना या गोष्टी तपासाव्यात:

तळाची टाकी. कूलर आडवा करून तळ बघा. वरचा गंज घासून निघतो, पण स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने दाबल्यावर पत्रा आत जात असेल तर तो आतून संपला आहे. तळावर ताजा रंग दिसला तर जास्तच नीट दाबून बघा.

पत्र्याची जाडी. गेजचा आकडा जितका लहान, तितका पत्रा जाड. २२ गेजचा पत्रा २६ गेजपेक्षा जाड आणि टिकाऊ असतो. बाजूच्या जाळीचं दार हाताने वाकत असेल तर पत्रा पातळ आहे.

पंखा. प्लग काढलेला असताना पाती हाताने फिरवा. ती सहज फिरून हळूहळू थांबायला हवीत. खरखर आवाज म्हणजे बेअरिंग गेलंय. शाफ्ट वर-खाली हलत असेल तर बुश झिजलाय.

मोटरचं वाइंडिंग. तांब्याचं की अ‍ॅल्युमिनियमचं, हे विचारा. तांब्याची मोटर सहसा जास्त टिकते आणि पुन्हा भरून घेणंही परवडतं. जळका वास येत असेल तर वाइंडिंग गेलं असं समजून किंमत ठरवा.

स्टँड. ६० लिटरच्या टाकीत भरल्यावर ६० किलो पाणी असतं, वर कूलरचं वजन वेगळं. पहिल्या-दुसऱ्या मजल्याच्या खिडकीबाहेर लटकणारा कूलर सडलेल्या अँगलवर ठेवणं म्हणजे खालून जाणाऱ्यांच्या जिवाशी खेळ.

पंप, कपॅसिटर, ताट्या आणि वायर या गोष्टी गेलेल्या असल्या तरी हरकत नाही. त्या तशाही बदलायच्याच असतात. मोटर, बॉडी आणि स्टँड या तीन गोष्टी मात्र ठीक हव्यात. तिन्हीपैकी दोन खराब असतील तर तो कूलर स्वस्तातही महाग पडतो.

पायरी १ : सगळं खोला, धुवा, वाळवा

काम सुरू करण्याआधी प्लग काढून वायर गुंडाळून बाजूला ठेवा. फक्त बटण बंद करणं पुरेसं नाही. वायरिंग उलटं असेल तर बटण बंद असूनही मोटरपर्यंत करंट येतो.

जुन्या वायरी सोडवण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा. कोणती वायर कुठे होती, हे जोडताना आठवत नाही. मग तिन्ही दारं, पंप, नळ्या आणि पंखा वेगळा करा. कपॅसिटरला हात लावण्याआधी त्याची दोन टोकं मूठ इन्सुलेटेड असलेल्या स्क्रूड्रायव्हरने एकमेकांना टेकवा, कारण बंद यंत्रातही त्यात चार्ज शिल्लक असू शकतो.

टाकीच्या तळाला आणि जाळ्यांवर पांढरा थर दिसला तर तो पाण्यातल्या क्षारांचा. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. बोअरवेलचं पाणी वापरणाऱ्या घरांत हा थर लवकर जमतो. व्हिनेगर किंवा लिंबूसत्वाचं पाणी तासभर लावून ठेवलं की तो मऊ पडतो आणि ब्रशने निघतो.

पायरी २ : टाकीचा गंज काढा

गंजावर थेट रंग मारणं ही सर्वात जास्त होणारी चूक आहे. रंगाखाली गंज वाढत राहतो आणि एका हंगामात पापुद्रे सुटतात.

आधी तारेच्या ब्रशने सुटा गंज काढा, मग पॉलिश पेपरने घासा, कपड्याने पुसून पूर्ण वाळू द्या. त्यावर रेड ऑक्साइड प्रायमरचा हात द्या. तो सुकल्यावर बाहेरून ऑइल पेंट आणि टाकीच्या आतून डांबरी रंग किंवा इपॉक्सी कोटिंग लावा. प्रत्येक हातानंतर डब्यावर सांगितलेला वेळ थांबा.

बारीक छिद्रं एम-सीलसारख्या इपॉक्सी पुट्टीने बुजतात. रुपयाच्या नाण्याएवढं किंवा मोठं छिद्र असेल तर पत्र्याचा तुकडा लावून घ्यावा. सगळं सुकल्यावर टाकी काठोकाठ भरून एक रात्र तशीच ठेवा. सकाळी खाली ओल दिसली तर वायरिंग जोडण्याआधीच गळती कळते.

पायरी ३ : पंखा आणि मोटर

बंद पडलेल्या मोटरचं निदान बहुतेक वेळा तीन लक्षणांवरून होतं.

घुं आवाज येतो, पण पंखा फिरत नाही. काडीने ढकललं की फिरायला लागतो. हा जवळपास नेहमीच कपॅसिटरचा दोष असतो. जुन्या कपॅसिटरवर जेवढे मायक्रोफॅरड लिहिलेत तेवढ्याचाच नवा घ्यावा. 'जास्तीचा लावला तर पंखा जोरात फिरेल' हा गैरसमज आहे. त्याने मोटर तापते.

पंखा फिरतो, पण हळू आणि आवाज करत. बुश किंवा बेअरिंग कोरडं पडलेलं असतं. बुशच्या मोटरला मशीन ऑइलचे चार-पाच थेंब पुरतात. बेअरिंग खरखरत असेल तर बदलावंच लागतं. खोबरेल तेल घालू नये. ते काही दिवसांत चिकट होतं आणि धूळ धरून ठेवतं.

काहीच हालचाल नाही, आवाजही नाही. आधी प्लग, बटण आणि वायर तपासा. ते ठीक असेल तर वाइंडिंग तुटलं किंवा जळलं असण्याची शक्यता मोठी. मग मोटर वाइंडिंगवाल्याकडे न्यावी लागते.

महिनोन्महिने दमट जागी पडलेल्या मोटरच्या वाइंडिंगमध्ये ओल शिरते. ती फिरत असली तरी तिच्यातून बॉडीला करंट येऊ शकतो. वाइंडिंगवाल्याकडे मेगर नावाचं मीटर असतं. त्यावर वाइंडिंग आणि मोटरच्या बॉडीमधला रोध निदान एक मेगाओहम यायला हवा. कमी आला तर मोटर उन्हात किंवा बल्बच्या उबेत वाळवून पुन्हा तपासतात. तरीही आकडा वाढला नाही तर वाइंडिंग बदलणं हाच उपाय.

पाती बसवताना त्यांची बाजू नीट पाहा. उलटी बसली तर पंख्याची हवा कमी पडते. शाफ्टवरचा स्क्रू घट्ट आवळा आणि पुढची जाळी लावल्याशिवाय पंखा सुरू करू नका.

पायरी ४ : पंप आणि पाण्याचा मार्ग

कूलरचा पंप छोटा असतो, पण तो पाण्यात बुडून काम करतो. त्यामुळे त्याच्या बाबतीत काटकसर नको. जुन्या पंपाची वायर कडक झालेली, तडकलेली किंवा मध्ये जोड दिलेली असेल तर पंप सरळ बदला. टेप गुंडाळलेला जोड पाण्याखाली किंवा पाण्याजवळ कधीही ठेवू नये.

पंप चांगला असेल तर खालची जाळी काढून आतली छोटी चक्री धुवा. तिच्यात केस, ताटीचा भुसा आणि क्षार अडकतात. पंप कोरडा चालवू नका, तो जळतो.

पंपातून पाणी नळीने वर जातं आणि वरच्या पन्हळीच्या छिद्रांतून ताट्यांवर पडतं. ही छिद्रं तारेने मोकळी करा. मग ताट्या न लावता पंप सुरू करून सगळ्या छिद्रांतून सारखी धार पडते का ते पाहा. हे पाहताना कूलरला हात लावायचा नाही. एका बाजूला धार कमी असेल तर कूलर खाली तिरका आहे. पाचर लावून सरळ करा. अर्धी ताटी कोरडी राहिली की तिथून गरम हवाच आत येते, आणि हवा नेहमी सोपा मार्ग धरते.

पायरी ५ : ताट्या कोणत्या लावायच्या?

बाजारात तीन प्रकार मिळतात.

लाकडी भुशाच्या ताट्या (वुड वूल). सर्वात स्वस्त आणि सगळीकडे मिळणाऱ्या. दरवर्षी बदलाव्या लागतात. पाण्याच्या वजनाने भुसा खाली बसतो आणि वर फट पडते, म्हणून हंगामाच्या मध्यात एकदा सारख्या कराव्या लागतात.

वाळ्याच्या ताट्या. सुगंध छान, पण महाग. वास काही आठवड्यांत कमी होतो. बरेच जण एका बाजूला वाळा आणि दोन बाजूंना भुसा लावून मधला मार्ग काढतात.

हनिकोम्ब पॅड. रसायन लावलेल्या जाड कागदाच्या नागमोडी थरांचे. नीट वापरले तर काही हंगाम टिकतात आणि जास्त पाणी धरतात. पण जुन्या लोखंडी कूलरच्या दारात ते बसवायला फ्रेम बदलावी लागते, आणि खारट पाण्याने त्यांची भोकं बुजतात.

भुसा ठासून भरू नका. हवा जायला जागा राहत नाही आणि मोटरवर ताण येतो. नवीन ताट्यांचं पहिलं पाणी पिवळट आणि उग्र वासाचं येतं. पंप तासभर चालवून ते पाणी फेकून द्या.

पायरी ६ : अर्थिंग, म्हणजे सगळ्यात महत्त्वाचं काम

पंपाच्या किंवा मोटरच्या वायरचं आवरण फाटलं की करंट थेट पत्र्यात उतरतो. अर्थिंग चांगलं असेल तर तो जमिनीत जातो आणि फ्यूज किंवा एमसीबी पडतो. अर्थिंग नसेल तर पत्रा तसाच 'जिवंत' राहतो आणि पाणी भरायला आलेल्या माणसाची वाट पाहतो. हात ओले, फरशी ओली, पाय अनवाणी. अशा वेळी अंगाचा रोध खूप कमी झालेला असतो आणि घरातला २३० व्होल्टचा पुरवठा जीव घ्यायला पुरतो.

जुन्या कूलरमध्ये हमखास दिसणारी फसवणूक म्हणजे तीन पिनांचा प्लग आणि आत दोनच वायरी. बाहेरून सगळं ठीक दिसतं, पण अर्थची पिन नुसती शोभेची असते. म्हणून प्लग उघडून बघाच. हिरवी वायर प्लगच्या मोठ्या पिनेपासून निघून कूलरच्या पत्र्याला नट-बोल्टने घट्ट आवळलेली असली पाहिजे. तिथला रंग आणि गंज खरवडून स्वच्छ धातूवर ती बसवा. पंपाची आणि मोटरची अर्थ वायरही त्याच ठिकाणी जोडा.

नंतर प्लग बाहेर असताना मल्टिमीटरने प्लगची मोठी पिन आणि कूलरचा पत्रा यांतला रोध मोजा. तो एक ओहमपेक्षा कमी यायला हवा.

एवढं करूनही घराच्या सॉकेटमध्येच अर्थिंग नसेल तर उपयोग शून्य. जुन्या वाड्यांत आणि भाड्याच्या खोल्यांत हे अनेकदा आढळतं. पाण्याच्या नळाला वायर गुंडाळून केलेलं अर्थिंग चालत नाही. आता बहुतेक पाइप प्लास्टिकचे आहेत, आणि लोखंडी असला तरी करंट शेजाऱ्याच्या नळापर्यंत जाऊ शकतो. सॉकेटची तपासणी परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावी.

याच्या जोडीला घराच्या बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घेतला तर संरक्षण कित्येक पटींनी वाढतं. साधा एमसीबी जास्त लोड किंवा शॉर्टसर्किट झाल्यावर पडतो. माणसाच्या अंगातून जाणारा करंट त्याला कळतही नाही. आरसीसीबी मात्र गेलेला आणि परत आलेला करंट यांतला छोटा फरक ओळखून क्षणार्धात वीज तोडतो. त्यावरचं 'टेस्ट' बटण महिन्यातून एकदा दाबून तो पडतो का, ते पाहायचं.

टेस्टरवर विसंबून राहू नका. टेस्टर पेटला तर करंट नक्की आहे. पण तो पेटला नाही म्हणून करंट नाही, असं नसतं.

रोज पाळायचे नियम

महावितरण दर उन्हाळ्यात याबाबत आवाहन करतं. नियम थोडेच आहेत:

- पाणी भरण्याआधी बटण बंद करा आणि प्लगही काढा. पाणी भरून, हात पुसून, मगच प्लग लावा.
- कूलरला ओल्या हाताने किंवा अनवाणी हात लावू नका. रबरी चप्पल घाला.
- पाणी टाकीबाहेर सांडू देऊ नका. कूलरखाली साचलेलं पाणी आधी पुसा.
- एक्स्टेंशन बोर्ड जमिनीवर किंवा कूलरच्या डोक्यावर ठेवू नका.
- लहान मुलांना कूलरजवळ खेळू देऊ नका आणि पाणी भरायचं काम त्यांना सांगू नका.
- 'थोडी झिणझिणी येते' हे दुर्लक्ष करण्यासारखं नाही. झिणझिणी आली की त्याच क्षणापासून कूलर बंद.

कुणाला शॉक लागलाच तर त्याला हाताने ओढायला जाऊ नका. आधी मेन स्विच बंद करा. ते शक्य नसेल तर कोरड्या जागी उभं राहून कोरड्या लाकडाने किंवा प्लास्टिकच्या वस्तूने त्याला दूर करा. श्वास चालू नसेल तर छातीवर दाब देणं सुरू करा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. शुद्धीवर असला तरी डॉक्टरांना दाखवा, कारण हृदयावरचा परिणाम नंतरही दिसू शकतो.

कूलर लावला, तरी खोली गार का होत नाही?

दुरुस्तीनंतर येणारी ही सर्वात मोठी तक्रार आहे, आणि दोष बहुतेक वेळा कूलरचा नसतो.

कूलर खोलीच्या आत ठेवून दारं-खिडक्या बंद केल्या तर तो तीच दमट हवा पुन्हा पुन्हा ओढतो. अर्ध्या तासात चिकचिक सुरू होते. कूलर खिडकीबाहेर हवा आणि समोरच्या बाजूची एखादी खिडकी किंवा दार थोडं उघडं हवं. आत आलेल्या हवेला बाहेर जायला वाट लागते. एसीच्या सवयीने सगळं बंद करणाऱ्यांना हे पटायला वेळ लागतो.

कूलरवर थेट ऊन पडत असेल तर वर पत्र्याचं किंवा हिरव्या नेटचं छप्पर करा. बाजूच्या ताट्या मात्र झाकू नका.

टाकीत बर्फ टाकला तर? एक किलो बर्फ वितळताना सुमारे ३३४ किलोज्युल उष्णता घेतो. एक लिटर पाणी वाफ होताना त्याच्या सातपट उष्णता घेतं. म्हणजे बर्फाने थोडा वेळ बरं वाटेल, पण खरं काम वाफच करते. बर्फाच्या पैशात नव्या ताट्या येतील.

पाणी आणि वीज किती लागते? भर मे महिन्यात मोठा कूलर तासाला १५-२० लिटर पाणीही पिऊ शकतो. पाण्याचा तुटवडा असलेल्या वस्तीत हा विचार आधी करायला हवा. विजेचं म्हणाल तर पंखा आणि पंप मिळून साधारण २०० वॉट धरले, तर दहा तासांत दोन युनिट होतात. दीड टनाचा एसी तेवढी वीज दोन तासांच्या आसपास खातो.

डासांचं काय?

डेंग्यू पसरवणारा एडिस डास स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि कूलरची टाकी त्याला सोयीची पडते. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून कोरडी करायची. नुसतं पाणी बदलून भागत नाही. अंडी टाकीच्या भिंतीला पाण्याच्या रेषेजवळ चिकटलेली असतात आणि कोरड्यातही महिनोन्महिने टिकतात. त्यामुळे भिंती ब्रशने घासायला हव्यात.

सर्वात जास्त धोका पावसाळ्यात असतो. कूलर बंद होतो, पण टाकीत पाणी तसंच राहतं. नागपूर महापालिकेच्या हिवताप व हत्तीरोग विभागाचे कर्मचारी घरोघरी तपासणीला येतात, तेव्हा कूलर पाहतात तो यामुळेच.

हंगाम संपल्यावर अर्धा तास द्या

जूनच्या मध्यानंतर पाऊस स्थिरावला की कूलर उतरवा. पाणी काढा, ताट्या फेकून द्या, टाकी घासून उन्हात वाळवा. गंजाचे नवे डाग दिसले तर तिथे प्रायमर लावा. मोटरला तेलाचे थेंब द्या, पंप धुऊन वाळवून पिशवीत ठेवा. वायर गुंडाळून वर बांधा, कारण खाली पडलेली वायर उंदीर कुरतडतात. वरून झाका, पण तळाला हवा लागू द्या. सगळीकडून प्लास्टिकने बांधलेल्या कूलरमध्ये ओल अडकते आणि पत्रा आतून सडतो.

आणि दुरुस्ती कधी करू नये?

तळाचा पत्रा जागोजागी सडलेला आहे, मोटर पुन्हा भरूनही बॉडीला करंट येतोय किंवा स्टँड वजन पेलत नाही, असं असेल तर तो कूलर भंगारात द्या. मोटर आणि पंप चांगले असतील तर काढून ठेवा, ते दुसऱ्या बॉडीत चालतात. घरात अर्थिंग नसेल आणि घरमालक ते करून द्यायला तयार नसेल, तर लोखंडी कूलरपेक्षा प्लास्टिक बॉडीचा कूलर तुलनेने बरा. पण त्यातही पाणी आणि वीज एकत्र असतातच, त्यामुळे प्लग काढून पाणी भरायचा नियम तिथेही सुटत नाही.

जुना कूलर नीट केला तर तो आणखी कित्येक उन्हाळे काढू शकतो. मात्र नवतपा सुरू झाल्यावर घाईत, रात्री, ओल्या फरशीवर उभं राहून ही दुरुस्ती करू नये. फेब्रुवारीतला एखादा रविवार या कामाला पुरतो.